झाडं कोणत्या दिशेला पडली, तेही पाहा

मा. संपादक,

परवाच्या वादळानंतर ‘इंदूरमध्ये टोर्नाडो आला’ असे व्हिडिओ फिरत आहेत. राजेंद्रनगरला आमच्या गल्लीतले गुलमोहर पडले ते सगळे पूर्वेकडे. शेडचे पत्रेही त्याच बाजूला उडाले. म्हणजे वारा बहुधा सरळ आला होता, गरगरत नव्हे.

टोर्नाडोला जमिनीलगत उबदार दमट हवा आणि वर थंड कोरडी हवा तर लागतेच, शिवाय उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलावी लागते. त्यातून हवेला आडवा पीळ पडतो आणि ढगात वर चढणारा झोत तो पीळ उभा करतो. तरीही अशा प्रत्येक ढगाची सोंड जमिनीला टेकतेच असं नाही.

३ आणि ४ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेत हे सगळं जुळून आलं. सुमारे २४ तासांत १४८ टोर्नाडो, तीनशेहून अधिक मृत्यू. ओहायोतलं झीनिया शहर तर निम्मं उद्ध्वस्त झालं. नंतर विमानातून पाहणी करताना हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांना काही ठिकाणी झाडं एका केंद्रापासून चहूकडे आडवी झालेली दिसली. ढगातून खाली आदळणाऱ्या झोताचा धागा त्यांना तिथे मिळाला. आपल्याकडच्या मे-जूनच्या आंधीत बहुतेक वेळा अशाच झोताचा वारा असतो; एका गल्लीपुरता पाहिला तर तो एकाच दिशेने सरळ येतो.

तोही जीव घेतो. वाळक्या फांद्या आणि सैल होर्डिंग पावसाळ्याआधी उतरवा, आणि वादळात कृपा करून कोणीही त्यांच्याखाली गाडी थांबवू नका.

— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर