गाडी बाहेर लावून पेठेत ये

गावभाग, सांगली

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सांगलीला बदली झाल्याचे वाचून मला आनंद झाला, पण तुझ्या पत्रात मात्र आनंदापेक्षा काळजीच जास्त दिसली. पुण्यात इतकी वर्षे काढल्यावर सांगलीत संध्याकाळी करायचे काय, वहिनींनी खरेदीला जायचे कुठे, आणि गाणे ऐकायचे म्हटले तर दर वेळी पुण्याचीच गाडी धरायची का, असे तू विचारले आहेस. या तिन्ही गोष्टींची येथे चंगळ आहे, फक्त त्या मोटारीत बसून हाती लागत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे. आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा तू घर ठरवून मोकळा झालास की मग सांगण्यात अर्थ नाही.

बदलीवर आलेला माणूस येथे प्रथम विश्रामबागेकडे घर पाहतो. तिकडे रस्ते रुंद आहेत, मोठ्या कंपन्यांच्या कपड्यांची दुकाने आहेत, सुपरमार्केट आहे, थंडगार कॅफे आहेत. मी त्यांना नावे ठेवत नाही; घरातल्या पोरांचा वाढदिवस असला की आम्हीही तिकडेच जातो. पण तशी दुकाने तू पुण्यात रोज पाहतोस. सांगली म्हणून जे काही आहे, ते गणपतीचे देऊळ, राजवाडा, मारुती रोड आणि कृष्णेचा घाट यांच्यामधल्या तुकड्यात दाटीवाटीने बसलेले आहे. हा तुकडा पायी पालथा घालायला एक सकाळ पुरते आणि मोटारीने गेलास तर दिवस जाऊनही हाती काही लागत नाही.

१८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीत राजधानी थाटली. त्या काळापासून पेठांची कामे वाटलेली आहेत आणि ती वाटणी अजून बरीचशी टिकून आहे. कापडासाठी कापडपेठ, सोन्यासाठी सराफ कट्टा, घाऊक किराण्यासाठी गणपती पेठ, आणि गोदामांसाठी वखारभाग. पटवर्धनांच्या मूळ पुरुषाचे नाव मिरवणाऱ्या हरभट रोडवर यांतले थोडे थोडे सगळेच मिळते. तुम्हा पुणेकरांना ज्यांच्या नावाचा फार अभिमान आहे, त्या गाडगीळ सराफांची पेढी १८३२ मध्ये सुरू झाली ती सांगलीत, एवढे मात्र येथे आल्यावर कोणी ना कोणी तुला ऐकवल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा मीच आधी ऐकवून ठेवतो.

कापडपेठेतल्या जुन्या दुकानांत अजून गादीवर बसून साड्या पाहायच्या असतात. पायरीशी चपला काढायच्या, भिंतीला टेकून बसायचे, आणि मग दुकानदार एकामागून एक घड्या उलगडत जातो. पंधरा साड्या उलगडून एकही घेतली नाही तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नाही, कारण पुढच्या लग्नसराईत तेच गिऱ्हाईक आपल्याच गादीवर येणार, हे त्याला ठाऊक असते. वहिनींना सांग की पहिल्या खेपेला भाव करण्याच्या भानगडीत पडू नये. माहेर कुठले, सांगलीत राहता कुठे, एवढी चौकशी त्याने केली की भाव आपोआप खाली येतो.

गणपती पेठेत मात्र माझ्याबरोबरच जायचे. हळद आणि बेदाणा या दोन गोष्टींसाठी सांगलीचे नाव देशभर आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठे सौदे मार्केट यार्डात होतात, पण घरच्यापुरता माल पेठेत किलोवर मिळतो. हळदीची पूड विकत घेऊ नकोस. हळकुंडे घ्यावीत, एखादे मोडून आतला रंग पाहावा, आणि गिरणीतून आपल्या डोळ्यांदेखत दळून आणावीत. बेदाण्याच्या बाबतीत उलट सल्ला आहे: रंगाला भुलायचे नाही. पिवळाधमक दिसतो तो बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो, तर सावलीत सुकवलेला हिरवट राहतो, आणि घरी खायला मला हा हिरवटच बरा वाटतो. तासगावाकडच्या शेडवरून नवा माल उन्हाळ्याच्या तोंडाला येऊ लागतो. त्या दिवसांत घेतलास तर वर्षभराची बेगमी होते.

भाजीसाठी शिवाजी मंडई रोजची आहे, आणि शनिवारी आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बायका पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. थंडीच्या दिवसांत कृष्णाकाठची काटेरी वांगी याच पाट्यांवर येतात. भरीत कर किंवा भरून कर, त्यांना बी कमी आणि चव अशी की जतकडच्या शाळूची भाकरी बरोबर असेल तर दुसरे काही लागत नाही. ही वांगी सुपरमार्केटातही मिळतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि देठ सुकलेली; ती घेऊन मग कृष्णाकाठच्या वांग्यांना नावे ठेवू नकोस.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर भडंगाचे सांगतो. सांगलीचे भडंग बंद पिशवीतून पुण्यात पोचते, हे मला माहीत आहे, आणि तू ते खाल्लेही असशील. पण पेठेतल्या भट्टीवर ते समोर होताना पाहणे वेगळे. चुरमुरे नेहमीपेक्षा जाड आणि टपोरे असतात, ते आधी कडकडीत वाळवलेले असतात. मोठ्या कढईत तेल तापले की शेंगदाणे पडतात, ते तांबूस झाले की सालासकट ठेचलेला लसूण आणि कढीलिंबाची मूठभर पाने जातात, आणि त्या चुरचुरीत सगळी गल्ली खोकते. कढई खाली उतरवल्यावरच तिखट टाकायचे, चुलीवर टाकले तर ते करपते. मग धणे-जिऱ्याची पूड, मीठ, चिमूटभर साखर, आणि शेवटी चुरमुऱ्यांचा ढीग. तो माणूस मग दोन्ही हातांनी ते खालून वर असे हलवतो की एक चुरमुरा मोडत नाही आणि एकही पांढरा राहत नाही. कोमट असतानाच कागदाच्या पुडीत घ्यायचे, वर बारीक कांदा मागून घ्यायचा. तिखट झेपत नसेल तर आधी सांगावे. नंतर सांगण्यात काही हशील नसतो.

मिसळीचे फार लिहीत नाही, कारण कोल्हापूर श्रेष्ठ की सांगली हा वाद मिटणारा नाही. आमच्याकडे कट वेगळ्या वाटीत येतो, बरोबर जाड ब्रेडचे तुकडे येतात, पाव नव्हे. ज्या ठिकाणी सकाळी नऊला बाकावर जागा मिळत नाही ते ठिकाण चांगले समजावे. भिंतीवरच्या फोटोंवर विसंबू नये. गोडासाठी एखाद्या रविवारी नृसिंहवाडीला जाऊ. दत्ताचे दर्शन, संगमाचा वारा आणि परतताना बासुंदी व कवठाची बर्फी, हा आम्हा सांगलीकरांचा ठरलेला क्रम आहे.

आता तुझ्या गाण्याविषयी. येथे तू पुण्याला विसरशील असे मी म्हणणार नाही. तिकडच्यासारखी रोजची मैफल सांगलीत नाही. पण मिरज शेजारी आहे, वडापाने, म्हणजे शेअर जीपने, थोड्याच वेळात पोचता येते, आणि मिरजेत गाणे जेथे तयार होते तेथेच ऐकायला मिळते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तेथेच शिकले. अब्दुल करीम खाँ तेथेच स्थायिक झाले आणि हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ मध्ये तेथेच झाला. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे, आणि दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिकीट नाही, खुर्च्यांचा थाट नाही. आवारात जमिनीवर बसायचे आणि रात्रभर ऐकायचे. या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हा मान पिढ्यानपिढ्यांचा आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. म्हणजे वर्षातून निदान दोनदा तुला पुण्याची गाडी धरावी लागणार नाही.

पण माझ्या मते खरी मौज सतारमेकर गल्लीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, शस्त्रांची कामे कमी झाल्यावर, शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि त्यांचे वंशज आजही तेच करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात शिरले की वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात. हे खायचे भोपळे नव्हेत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मुद्दाम आणलेले कडू भोपळे असतात. मी तेथे नेहमी जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणाऱ्या कारागिराजवळ बसतो. घोडीच्या पाठीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवून छेडायची, कान देऊन ऐकायचे, तार उतरवून पुन्हा केसभर घासायचे, असा त्याचा उद्योग तास न् तास चालतो. जास्त घासले तर आवाज भणभणतो, कमी घासले तर दबतो. तारेखाली सुताचा धागा सरकवताना तंबोरा एका जागी अचानक भरून बोलू लागतो, आणि कारागीर मान न वर करता नुसता हुंकार देतो. माल न घेताही तेथे बसू देतात. चहा मात्र आपण मागवावा.

नाटकाची तर आम्हाला घराणेशाहीच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पटवर्धनांच्या दरबारात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो याच गावात. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, त्यांच्या नावाचे गौरव पदक भावे नाट्यमंदिरात दिले जाते, तेव्हा तिकडचे मोठमोठे नट इकडे येतात. एरवी पुण्या-मुंबईची नाटके दौऱ्यावर येतात. प्रेक्षक तिखट आहे, न आवडलेल्या विनोदाला येथे कोणी हसत नाही.

आता पेठेचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर नंतर माझ्या नावाने बोटे मोडशील. वाहने लावायला जागा नाही, शनिवारी तर माणसालाच जागा नाही. पावसाळ्यात रस्त्यांवरचे खड्डे मोजू नयेत. आणि नदी आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले आणि पेठेतली दुकाने पाण्यात गेली. तेव्हापासून जुन्या दुकानांचे माळे भक्कम झाले आहेत; कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गादीवरची मंडळी गिऱ्हाईक सांभाळत सांभाळतच खालच्या फळीवरचे तागे वर चढवायला लागतात. म्हणून घर गावभागात घेच, असा माझा आग्रह नाही. राम मंदिर चौक किंवा कॉलेज कॉर्नरच्या आसपास पाहा. नेहमीचा पूर तेथे सहसा पोचत नाही आणि पेठेत पायी येता येते. मात्र भाडे ठरवण्यापूर्वी २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचार.

घर पाहायला येशील तो शनिवारच धर. सकाळच्या गाडीने ये, सामान माझ्याकडे टाकू, आणि दोन कापडी पिशव्या बरोबर आण, कारण आमच्याकडच्या सगळ्या हळदीने पिवळ्या झाल्या आहेत. तारीख कळव, म्हणजे मिरजेच्या कारागिराला आधी निरोप देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक