क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : सामना चुकला नाही, म्हणून दुखापत झालीच नाही?

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

खेळाडू आणि नर्तक या दोघांच्याही दुखापतींची कायमस्वरूपी नोंदवही सुरू करू, असे आश्वासन आपण गेल्या वर्षी जाहीर सभेत दिले होते. तिचा मसुदा करणाऱ्या समितीत मी होते. या आठवड्यात निघालेल्या आपल्या परिपत्रकातून नर्तक पूर्णपणे वगळले आहेत आणि ज्या दुखापतीमुळे किमान एक सामना चुकला, तेवढीच नोंदवावी असा आदेश दिला आहे. हे वाचून मला अतिशय संताप आला आणि म्हणूनच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

नर्तकांच्या बहुतेक दुखापती एका क्षणात होत नाहीत. तीच उडी, तेच वळण रोजच्या तालमीत पुन्हा पुन्हा घेतल्याने पाऊल, घोटा आणि नडगी हळूहळू झिजत जातात. बॅले शिकणाऱ्या मुलीचे पाय खुब्यातून पुरेसे बाहेर वळत नसतील, तर ती उणीव ती गुडघे आणि पावले पिळून भरून काढते, आणि तो ताण सोसण्यासाठी ते सांधे घडलेलेच नाहीत. तरीही ती थांबत नाही, कारण थांबली तर तिची भूमिका दुसरीला मिळते. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे आणि जिम्नॅस्टचेही हेच होते. आपल्या व्याख्येप्रमाणे या सर्वांची प्रकृती उत्तम आहे.

माझीही उत्तम होती म्हणायची. उजव्या पावलात, दुसऱ्या बोटामागच्या हाडावर अंगठ्याने दाबले की नेमक्या एकाच जागी कळ उठायची. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग, पहिले काही आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, हे मला तेव्हा कोणीही सांगितले नाही. ‘फोटो स्वच्छ आहे, उभी राहा,’ एवढेच ऐकवले गेले. मी बोटांना पट्ट्या गुंडाळून तो संपूर्ण हंगाम नाचले, एकही प्रयोग चुकवला नाही, आणि त्यानंतर माझे नृत्य कायमचे संपले. आजही सकाळी जिना उतरताना मला कठड्याचा आधार घ्यावा लागतो. या सगळ्याची आपल्या नोंदवहीत एक ओळही झाली नसती.

दुखापती रोखायच्या तर आधी त्या किती आणि कोणाला होतात ते मोजायचे, मग कारणे शोधायची, मग उपाय योजायचे आणि पुन्हा मोजायचे, हा क्रम क्रीडा-दुखापतींचे डच संशोधक व्हान मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्येच मांडला. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1,900 फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरावापूर्वीच्या सुमारे 20 मिनिटांच्या ठरावीक व्यायामाने एकूण दुखापतींचा धोका जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. हे कळू शकले, कारण तिथे दुखापती काटेकोरपणे नोंदवल्या जात होत्या. खेळ थांबला नाही तरी तक्रार नोंदवावी, हे तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या 2020 च्या सहमतीपत्रातही आहे. आपल्या विभागात ते कोणी वाचले नाही, की वाचून बाजूला ठेवले?

आमच्या मसुद्यात मासिक पाळीचा एक रकाना होता. शरीर खर्च करते त्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की पाळी अनियमित होते किंवा बंदच होते, हाडे कमकुवत होतात आणि मग ती साध्या सरावातही तडकतात. पाळी चुकणे ही त्याच्या लवकर दिसणाऱ्या खुणांपैकी एक आहे. तो रकाना ‘अनावश्यक’ असा शेरा मारून काढण्यात आला. पंधरा वर्षांच्या मुलीचे हाड का मोडले, हे विचारणे ज्या व्यवस्थेला अनावश्यक वाटते, तीच व्यवस्था त्या मुलीच्या पदकासाठी सत्कार समारंभ ठरवते, प्रशिक्षकाला विजयासाठी बक्षीस देते आणि किती मुले त्याच्या हाताखाली जायबंदी झाली हे त्याला कधीही विचारत नाही. पदकांचा तक्ता प्रत्येक कार्यालयात टांगलेला असतो. वयाच्या विशीत खेळ सोडावा लागलेल्यांची यादी मात्र एकाही कपाटात सापडणार नाही, आणि ती नसल्यामुळेच दर अर्थसंकल्पात फिजिओथेरपिस्टचे पद सर्वप्रथम कापले जाते.

हे परिपत्रक मागे घ्यावे, नर्तकांचा पुन्हा समावेश करावा आणि वेदना सुरू होताच नोंद करण्याची मूळ व्याख्या व तो रकाना परत आणावा, ही माझी मागणी आहे. समितीने एकमताने सही केलेला मसुदा आपल्या विभागाकडेच आहे. तो कोणी आणि कोणत्या कारणाने बदलला, याचे लेखी उत्तर नव्या हंगामाची निवड चाचणी सुरू होण्यापूर्वी मिळावे.

आपली,
दुखापतींची एक अभ्यासक आणि माजी नर्तकी