विश्वाला सुरुवात होती का? मनूला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जे विचारलंस ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. तुझी एक मैत्रीण म्हणते, महास्फोट (बिग बँग) झाला म्हणजे विश्व कुणीतरी घडवलं हे सिद्धच झालं. सांगलीची मैत्रीण जैन घरातली, तिच्या कानावर लहानपणापासून पडलंय की विश्व अनादि आहे आणि त्याला कुणी निर्माताही नाही. आणि दोघीही तुझ्याकडे बघतात, कारण तू भौतिकशास्त्राची.

माझ्या मते उत्तर असं आहे. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आपलं विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं, हे भक्कम पुराव्यानिशी कळलेलं आहे. त्याच्याही आधी काही होतं का, की काळच तिथून सुरू झाला, हे अजून कुणालाही ठाऊक नाही. पहिल्या वाक्याचा पुरावा दुसऱ्याला लावला की तुम्हा मैत्रिणींमधल्यासारखा वाद पेटतो.

आधी एक साधी गोष्ट बघ. रात्री आकाश काळं का असतं? विश्व अमर्याद असेल, कायमचं असेल आणि जागच्या जागी स्थिर असेल, तर कुठल्याही दिशेला नजर टाकली तरी ती शेवटी कुठल्या ना कुठल्या ताऱ्यावर जाऊन टेकायला हवी, आणि सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं लखलखायला हवं. ओल्बर्स नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२३ मध्ये हा प्रश्न नेटका मांडला. काळोखी रात्र एवढंच सांगते की त्या तिन्हीपैकी निदान एक गृहीत चुकीचं आहे. कुठलं, ते ती सांगत नाही.

१९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलने दाखवलं की दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जितक्या दूर तितक्या वेगाने आपल्यापासून लांब जातात. त्याच्या दोन वर्षं आधी बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या समीकरणांतून विश्वाचं प्रसरण मांडलं होतं, आणि १९३१ मध्ये त्यांनी सगळ्याचा उगम एका आद्य अणूत असावा असं सुचवलं. महास्फोटाची कल्पना ती हीच. आता मजा बघ. प्रसरणाचा वेग उलटा मोजत गेलं की विश्वाचं वय निघतं. हबलच्या आकड्यांवरून ते निघालं जेमतेम २०० कोटी वर्षं. पण किरणोत्सर्गावरून मोजलेले पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने होते! लेक आईपेक्षा मोठी, असा हिशेब.

ही अडचण अभ्यासक्रमात एका ओळीत उरकतात, आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. कारण १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, तो का मांडावासा वाटला हे तिच्याशिवाय कळतच नाही. त्यांचं म्हणणं होतं की विश्व पसरतंय खरं, पण मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य सावकाश जन्माला येतं. किती सावकाश? एका घनमीटरमध्ये कोट्यवधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. म्हणजे एकूण चित्र सदैव सारखंच, सुरुवात नाही की शेवट नाही. वयाचा पेच आपोआप सुटला, आणि काळोखी रात्रसुद्धा, कारण लांबून येणारा प्रकाश प्रसरणामुळे क्षीण होतो. पुढे १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडे यांनी दीर्घिकांची अंतरं आधी समजत होतो त्याच्या जवळपास दुप्पट आहेत हे दाखवलं आणि महास्फोटवाल्यांचीही अडचण सैल झाली. पण तोवर स्थिर स्थितीने चांगलंच मूळ धरलं होतं.

आणि इथे आपल्या कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा येतो. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी जाहीर केलं की मंद, म्हणजे दूरचे आणि म्हणून जुन्या काळातले, रेडिओ स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा फार जास्त संख्येने आहेत, म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यासारखं नव्हतं. त्याला उत्तर म्हणून हॉईल आणि नारळीकरांनी गणित केलं, आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडायला उभा राहिला बावीस वर्षांचा विद्यार्थी. तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा. तिथे बसलेली माणसं कोण होती याचा विचार केला की आजही माझा ऊर भरून येतो.

पण पुरावा दुसऱ्या बाजूने आला. न्यू जर्सीत होल्मडेल इथे पेन्झियस आणि विल्सन हे दोन संशोधक एक मोठा शिंगासारखा अँटेना वापरत होते. त्यात बारीकशी खरखर येत होती, सगळ्या दिशांनी सारखी, दिवसा-रात्री, कुठल्याही ऋतूत. सांधे तपासले, पट्ट्या लावल्या. आत कबुतरांनी घर केलं होतं, ती हुसकली, त्यांची शीट खरवडून काढली. खरखर तशीच. १९६५ मध्ये त्यांनी ती छापली, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे साडेतीन अंश तापमान म्हणून. शेजारच्या प्रिन्स्टनमध्ये डिकी यांचा गट नेमकी हीच ऊब शोधायच्या तयारीत होता: विश्व तप्त होतं तेव्हाचं, प्रसरणाने थंड होत आलेलं प्रारण (लहरींच्या रूपातली ऊर्जा). पेन्झियस-विल्सन यांचा तो लेख काढून वाच, अगदी छोटा आहे. विश्वाच्या जन्माबद्दल त्यात अवाक्षर नाही. संभाव्य स्पष्टीकरणासाठी डिकी, पीबल्स वगैरेंचा शेजारचा लेख पाहा, एवढंच म्हटलंय. विल्सन यांना तर तेव्हा स्वतःला स्थिर स्थितीच आवडत होती, विश्वरचनाशास्त्र ते हॉईलकडूनच शिकले होते. मन एका बाजूला आणि उपकरण दुसऱ्या बाजूला असताना त्यांनी उपकरणाचं ऐकलं. विज्ञान शिकवताना मला मुलांना दाखवावंसं वाटतं ते हे.

१९९० मध्ये कोबे उपग्रहाने त्या प्रारणाचा आलेख काढला आणि तो कृष्णवस्तूच्या, म्हणजे सगळं प्रारण शोषणाऱ्या आदर्श वस्तूच्या, वक्राशी तंतोतंत जुळला. पुढच्या नेमक्या मोजमापांत तापमान आलं २.७२५ केल्विन. हे प्रारण विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळं झालं. त्याच्याही आधीच्या पहिल्या काही मिनिटांचा मागमूस सगळीकडच्या हेलियममध्ये आहे, साध्या द्रव्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा. ताऱ्यांनी एवढा हेलियम बनवला असं म्हणता येत नाही.

नारळीकरांनी तरी हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीची नवी आवृत्ती मांडली: विश्व अनादि, आकुंचन-प्रसरणाचे फेरे घेणारं, आणि ते प्रारण म्हणजे आधीच्या फेऱ्यांतल्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेला. मला हे पटत नाही. प्रारणातले बारीक चढउतार महास्फोटाच्या चित्रातून जितके सहज निघतात, तितके यातून निघत नाहीत, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनीही ते स्वीकारलं नाही. पण २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा मला हेच आठवत राहिलं, की पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या माणसाने प्रचलित मताला कायम गणितानेच प्रश्न विचारले.

आता त्या आधीच्या क्षणाकडे. सापेक्षता मागे नेत गेलं की घनता अनंत होते. हॉकिंग आणि पेनरोझ यांनी १९७० मध्ये सिद्ध केलं की काही साध्या अटी मानल्या तर हे टळत नाही. पण अनंत हे उत्तर आलं की भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ सिद्धांत तिथे लंगडा पडला असा होतो. एका सेकंदाचे एकावर त्रेचाळीस शून्यं इतके भाग कर, त्यातल्या एका भागाइतक्या अगदी सुरुवातीच्या काळासाठी गुरुत्वाचा पुंज (क्वांटम) सिद्धांत लागतो आणि तो आपल्याकडे नाही. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये असं चित्र मांडलं ज्यात काळाला पहिला क्षणच नसतो. पेनरोझ नंतर म्हणू लागले की विश्वाची युगामागून युगं येतात. ही सगळी गणितं आहेत, निरीक्षणाने यांतलं एकही अजून पक्कं केलेलं नाही. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने पहिल्या क्षणाच्या गुरुत्वलहरींची खूण मिळाल्याचं सांगितलं आणि वर्षभरात कळलं की ती बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती.

तुझ्या पहिल्या मैत्रिणीला एक सांग. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटाचा संबंध ईश्वराच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा खुद्द लमेत्र नाराज झाले, आणि ते तर कॅथलिक धर्मगुरू होते. आणि सांगलीच्या मैत्रिणीला सांग की तेराव्या शतकातल्या टॉमस अ‍ॅक्वायनसची देवावर पूर्ण श्रद्धा होती, तरी त्याचं मत असं की विश्वाला सुरुवात होती की नाही हे नुसत्या तर्काने ठरत नाही, आणि अनादि विश्वालाही निर्माता असू शकतो. म्हणजे सुरुवात मिळाली तरी देव सिद्ध होत नाही आणि नाही मिळाली तरी खोटा ठरत नाही. तिची अनादिता अजून खोटी पडलेली नाही, हेही तिला सांग. फक्त गेल्या १,३८० कोटी वर्षांत विश्व बदलत आलंय, ते तिला मान्य करावं लागेल.

मला स्वतःला विचारशील तर, काळाला पहिला क्षण होता हे मनाला पेलत नाही आणि नव्हता हेही पेलत नाही, आणि मनाला काय पेलतं हा काही पुरावा नव्हे. म्हणून मी थांबते तिथे, जिथे निरीक्षणं थांबतात.

दिवाळीला दोघींनाही घरी घेऊन ये. चिवडा जास्तीचा करीन, आणि वाद माझ्यासमोर घाला. जेवण वेळेवर घेत जा, परीक्षेच्या आधी जागरणं नकोत.

तुझी,
आई