दहावा प्रश्न

माटुंगा, मुंबई
सोमवार, पहाटे

चि. सोन्यास, अनेक आशीर्वाद.

तू उठशील तेव्हा मी गाडीवर असेन, म्हणून हे लिहून टेबलावर ठेवतोय. समोर बसून बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तू दार लावून घेतोस.

शनिवारी रात्री २ वाजता तू जिन्यात बसला होतास. एक बूट पायात, दुसरा मुठीत घट्ट धरलेला. मी उचलायला वाकलो तर म्हणालास, "बाबा, मी ठीक आहे." आईने तुझा शर्ट तेव्हाच धुऊन टाकला. मग तू कुशीवरच झोपलायस ना, हे बघायला ती पहाटेपर्यंत उठत राहिली. रविवारी माझी रेस्ट होती म्हणून बरं.

कॉलेजने मोबाइलवर पाठवलेली दारू पिण्याबद्दलची ती प्रश्नावली तू आईला हसत दाखवलीस, "आता यंत्र मला शिकवणार!" मी मोटरमन, रोज ड्युटीवर साइन ऑन करताना लॉबीतल्या, दारू प्यायलोय का ते बघणाऱ्या यंत्रात फुंकर मारतो. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी आधी बाटलीवरचं बारीक वाचतो. मागे १२ डबे भरून माणसं असतात. त्या यंत्राचा मला कधी अपमान वाटला नाही. आणि ते तर पकडायला बसलेलं असतं, तुझं नुसतं विचारतंय.

ते दहाही प्रश्न मी वाचले. जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, गुण ० ते ४०, आणि ८ पासून सावध व्हायचं. तू म्हणतोस, "दोनच बिअर." मी हिशेब मांडला. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ३० मिलिलिटरचे चार पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ. लिव्हरला तासाला साधारण एक झेपतो. रात्री ११ ला बसलास तर सकाळी ७ पर्यंत ती अंगात.

उत्तरं भरली की अशा प्रोग्राममध्ये तुझं पिणं तुझ्या वयाच्या मुलांच्या शेजारी मांडून दाखवतात. "सगळेच पितात" असं मुलांना वाटतं, त्यापेक्षा खरा आकडा बहुधा कमी निघतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वीसेक वर्षांपूर्वी असंच करून पाहिलं, तेव्हा मुलांचं पिणं थोडं उतरलं. थोडंच, पण उतरलं. व्यसन जडलं असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे माणूसच लागतो. १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे लोक मराठीत बोलतात. तू तिथवर गेलेला नाहीस, असं मला मनापासून वाटतं.

आबा १९८२ च्या गिरणी संपानंतर प्यायला लागले. घरात सगळ्यांना दिसत होतं, विचारलं कुणीच नाही. मी नऊ वर्षांचा होतो. मीही नाही विचारलं.

म्हणून तुला आता काहीतरी विचारतंय, तर त्याला खरं सांग. आम्हाला नाही सांगितलंस तरी चालेल. आठवा प्रश्न आहे, आदल्या रात्रीचं काही आठवलंच नाही, असं कितीदा झालं? तो जिना तुला आठवतोय का, तुलाच ठाऊक.

दहावा प्रश्न आहे, तुझ्या पिण्याची घरच्या कुणाला, मित्राला, डॉक्टरला काळजी वाटली का? तिथे विचार करत बसू नकोस. "हो, गेल्या वर्षभरात" यावर टिक कर. त्याचे चार गुण धर.

पोहे झाकून ठेवलेत.

तुझे,
बाबा