बाबांच्या स्प्लेंडरचे इंजिन उघडले आहे

तीर्थरूप आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही साताऱ्याला असताना, तुम्हाला न विचारता मी स्प्लेंडर इंजिनच्या कामासाठी मुलुंडच्याच गॅरेजमध्ये दिली आहे. रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती. गाडी विकायचे माझ्या मनातही नाही. ती 1999ची असली तरी आरसी 2029पर्यंत नव्याने करून घेतलेली आहे आणि त्या 97.2 सीसी इंजिनचे सुटे भाग आजही सहज मिळतात, त्यामुळे काका काहीही म्हणोत, तिला भंगारात धाडण्याचे कारण नाही.

गाडीला आवाजच नाही, असे तुम्ही म्हणत होता आणि गाडी कोपऱ्यावर वळली की मला स्वयंपाकघरात कळते, असे आई म्हणत होती. म्हणून अंदाजाने काही न ठरवता मी एकेक शक्यता तपासली. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर वरच्या बाजूने टिकटिक येत होती. इंजिनच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एकच फेरी होते, त्यामुळे टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाचा, आवाज निम्म्या वेगाने येतो. ही टिकटिक तशीच होती आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून टॅपेटचा गॅप बसवल्यावर ती थांबली. पण तिच्याखाली दडलेली खळखळ तशीच राहिली. क्लच दाबून फरक पडेना, म्हणजे क्लच नव्हे. इंजिन तापल्यावरही कमी होईना, म्हणजे पिस्टनही नसावा. दोघे बसून पुलाचा चढ चढलो तरी खोल ठकठक आली नाही, तेव्हा कनेक्टिंग रॉड शाबूत आहे या विचाराने माझा जीव भांड्यात पडला.

शेवटी तुम्ही मला शिकवले होते तसे केले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला लावले आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. उजवीकडे क्लच कव्हरवर काहीच नव्हते. डावीकडे, जिथून कॅमशाफ्टला फिरवणारी टायमिंग चेन सिलिंडरच्या कडेने वर जाते, तिथे खळखळ स्पष्ट ऐकू आली आणि अॅक्सिलरेटर सोडताच ती वाढली. शाळेत जाताना टाकीवर बसून मी याच इंजिनची थरथर पोटात घेत असे, त्यामुळे मला ती परकी वाटणे शक्यच नाही. सैल चेनने दात सोडला तर टायमिंग बिघडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. तेवढी वाट पाहण्यात शहाणपण नव्हते. चेन, रोलर आणि टेन्शनर नवे व अस्सलच घालायला सांगितले आहे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे जुने नाहीत. सीट, आरसे, आईने हँडलला बांधलेला गंडा, कशालाही हात लावू दिलेला नाही.

आता जे लिहायला मन धजत नाही ते लिहिते. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडतात आणि जाड आवाज ऐकू येत राहतात. म्हणून तुम्हाला ट्रकची घरघर ऐकू येते, टॅपेट येत नाही. आईची हाक पोहोचते, पण तिने सांगितलेले साठ रुपये तुम्हाला आठ वाटतात. यात कमीपणा कसला? चष्मा तर तुम्ही चाळिशीतच लावलात. परतल्यावर पुढच्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तपासणीत हेडफोन लावून आवाज ऐकायचे असतात, सुई वगैरे काही नाही.

अहवाल येईपर्यंत एलबीएस रोडवर गाडी न्यायची नाही, बाजारात रिक्षानेच जायचे. मेकॅनिकला फोन करून काम थांबवू नये, त्याला मी बजावून ठेवले आहे. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर न विसरता घ्यावी. एक किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी कुठे ठेवली आहे ते, आई, तू मुळीच सांगू नकोस.

तुमची,
मनू