स्टोअरमधले कॉन्सन्ट्रेटर

प्रिय शैले,

तीन महिने पत्र नाही, रागावली असशील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज रुग्णालयाची स्टोअर उघडली आणि तुलाच लिहावंसं वाटलं.

२०२१ चे आपले कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी ती मशिनं, खोक्यांतच आहेत गं. एक लावला, मिनिटाला पाच लिटरवर दहा मिनिटं चालवून अॅनालायझर धरला, तर ऑक्सिजन ७१ टक्के. असायला हवा ९० च्या वर. मशीन वर्षानुवर्षं बंद, त्यात आपला पावसाळा. आतल्या चाळणीतल्या झिओलाइटने, नायट्रोजन अडवणाऱ्या त्या दाण्यांनी, ओल ओढली. महिन्यातून तासभर चालवलं असतं तरी टिकलं असतं. "मशिनं येतील, पण फिल्टर कोण धुणार?" यावरून तू भांडली होतीस. तुझंच खरं होतं.

आणि भिंतीपलीकडे ओपीडीत वरच्या आळीची आक्का बसलेली. बोटाला मशीन लावलं तर रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के. जन्मभर चूल, विडी कधी नाही, तरी दोनदा टीबीची औषधं झाली. आता श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या गोळ्या. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसं मोजायची तपासणी, एकदाही नाही, कारण ती जिल्ह्याला. पहाटेची एसटी, मजुरी बुडते, आणि तंत्रज्ञ रजेवर असला की परत.

आपल्याकडे मशीन आलं तरी तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज आणि तोंडात धरायचे फिल्टर लागतील. शिवाय फुंकून घेणारं माणूस हवंच. म्हातारी माणसं तिसऱ्या सेकंदाला सोडतात. सहापर्यंत "अजून, अजून, अजून" म्हणत राहावं लागतं. तू मेसवाल्याला गच्चीवरून हाक मारायचीस त्या आवाजात आक्का बारा सेकंद फुंकेल! मग स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या नळकांड्यातून, सालब्युटामॉलचे चार पफ, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकर. रेशो, म्हणजे पहिल्या सेकंदात निघालेली हवा भागिले एकूण हवा, तरीही ०.७० च्या खाली, तर सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. एवढ्यासाठी जिल्हा कशाला?

घरच्या ऑक्सिजनची मला जास्त धास्ती. बरी असतानाही तीन आठवड्यांत दोनदा ८८ किंवा खाली आली तर लावायचा, दिवसातून किमान पंधरा तास. पण धाप लागली की पोरं मशीनचा काटा दोन लिटरवरून पाचवर नेतात. बोटावरचा आकडा ९८ होतो, सगळे खूश, आणि म्हातारी गुंगीत जाते. "शांत झोपली" म्हणतात, आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. बोटाला ८८ ते ९२ पुरे, हे मशीनवरच ठसठशीत लिहून चिकटवायला हवं. रात्री लाइट जाते, म्हणून बी टाइप सिलिंडर शेजारी: १५०० लिटर, मिनिटाला दोन लिटरच्या धारेने बारा तास. चूल त्या खोलीत नको, हे तर पहिलं.

स्पेसरचंही तेच. साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला की आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध भिंतीलाच चिकटतं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं कुणाच्याच कामात धरलेली नाहीत.

तुझ्या बायोमेडिकलवाल्याला विचार, चाळणी बदलायचा खर्च किती, आणि इथे येऊन बदलेल का. चारही मशीनचे मॉडेल नंबर मागच्या पानावर लिहिलेत. पोराची बारावी झाली ना? तुझ्या ह्यांना नमस्कार. आक्काला सोमवारी बोलावलंय, त्याआधी फोन कर.

तुझी,
कुंदा