रसद आणि नियोजनाची पुस्तके वाचनालयांत हवीत

संपादक महोदय,

तोडलेला ऊस वेळेत कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही, की साखरेचा उतारा घटतो. टोळ्या, ट्रॅक्टर, वजनकाट्यावरची रांग, हे सगळे जुळवणे म्हणजेच रसदीचे नियोजन, अर्थात लॉजिस्टिक्स. आपल्याकडची कितीतरी मुले या साखळीत रोज राबतात, पण त्यावरची पुस्तके एमबीएवाल्यांचीच, असा समज आहे. तो खोडून काढायला हवा.

मार्टिन व्हान क्रेफेल्ड यांचे ‘सप्लाइंग वॉर’ (१९७७) वाचले की घोड्यांचा चारा फौजेची वाट कशी ठरवायचा ते कळते. मार्क लेव्हिन्सन यांचे ‘द बॉक्स’ कंटेनरची हकीकत सांगते: १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले आणि पुढे बंदरावरचे सारे कामच पालटले. आणि रामचंद्रपंत अमात्यांचे राज्यकारभारावरचे ‘आज्ञापत्र’ तर आपल्या घरचेच! गडावर पाणी कसे राखावे, झाडे कोणती लावावीत, दारूखाना कुठे असावा, इतक्या बारकाईने लिहिले आहे.

करवीर नगर वाचन मंदिराने आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी या विषयाचे एक कपाट करावे, प्रकाशकांनी अशी पुस्तके सोप्या मराठीत आणावीत, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर